पंपावरून उतरताना

जोड घालून झालेले असतात. महाधमनीवरचा क्लॅम्प निघालेला असतो. हृदय आधी नुसतंच थरथरतं, मग एक झटका दिला की ठोके द्यायला लागतं. तरीही त्या घडीला माणसाच्या अंगातलं रक्त त्याचं हृदय फिरवत नसतं, मी फिरवत असते. माझ्यासमोर हार्ट-लंग मशीनचे रोलर चालू असतात, मिनिटाला चार लिटर. मॉनिटरवरची रक्तदाबाची रेघ जवळजवळ सपाट असते, कारण रोलरला ठोका नसतो, तो सलग ढकलत राहतो. मग सर्जन मान वर न करता म्हणतात, "भरा जरा." मी एका हाताने व्हीनस लाइनवरचा क्लॅम्प किंचित आवळते, दुसऱ्या हाताने फ्लो खाली आणते. साडेतीन. तीन. रक्त यंत्राकडे यायच्या ऐवजी हृदयात राहू लागतं आणि सपाट रेघेवर एक बारीक उंचवटा दिसतो. अडीच. दोन. उंचवटे वाढतात. "एक लिटर," मी मोठ्याने सांगते. "बंद करा." "पंप ऑफ."

बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. पण कधीकधी उंचवटे येतात, दोन मिनिटं टिकतात आणि एकेक करत बुटके होत जातात. हृदयाचा स्नायू ढिला पडून ते डोळ्यांदेखत पसरतं. खोलीतलं बोलणं थांबतं. "परत पंपवर घ्या." मी पुन्हा चार लिटरवर जाते आणि हृदयाला थोडी विश्रांती मिळते. बायपासच्या इतिहासात नळ्या जोडून माणसाला यंत्रावर घेण्याची कथा सगळे सांगतात. मला मात्र आयुष्यभर त्या दुसऱ्या टोकाने पकडून ठेवलं. माणूस यंत्रावरून उतरला नाही तर काय करायचं?

मी परफ्युजनिस्ट. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात १९८१ साली बी.एस्सी. होऊन टेक्निशियन म्हणून लागले तेव्हा हा शब्द मलाही ठाऊक नव्हता. आम्हाला 'पंपवाले' म्हणत. ऑपरेशनच्या छापील रजिस्टरमध्ये सर्जन, त्यांचे असिस्टंट, भूल देणारे डॉक्टर, स्क्रब सिस्टर या सगळ्यांच्या नावांना रकाने होते. पंप चालवणाऱ्याला नव्हता. मी एकदा विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की रजिस्टर छापून आलंय, रकाना कुठून आणणार. त्या दिवशी घरी जाताना दादरला लाल पुठ्ठ्याची लांबट वही घेतली आणि स्वतःचे रकाने आखले. वजन, हेपरिन, पंपाचा वेळ, क्लॅम्पचा वेळ, सगळ्यात कमी तापमान. शेवटच्या रकान्यात एखाद-दुसरा शब्द: 'उतरला', नाहीतर 'बलूनवर उतरला'. काही ओळींत तो रकाना मी कोरा सोडला आहे. अशा एकोणीस वह्या माझ्या कपाटात आहेत.

आता आधी एक घोटाळा दूर करते, कारण नातेवाइकांना तो हमखास होतो. 'बायपास' दोन असतात. हृदयाच्या तुंबलेल्या धमनीला वळसा घालून पायातली शीर किंवा छातीतली धमनी जोडायची, ही एक. आणि ते नाजूक शिवणकाम करता यावं म्हणून अख्ख्या हृदय-फुप्फुसांनाच वळसा घालून रक्त यंत्रातून फिरवायचं, ही दुसरी. पहिलीचं श्रेय सर्जनला, आणि ते योग्यच आहे. दुसरीचा जन्म पहिलीच्या कितीतरी आधीचा. तिची सुरुवात बॉस्टनमधल्या एका आजारी बाईच्या उशाशी झाली.

१९३०-३१चा सुमार. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर त्या बाईच्या फुप्फुसाच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकली होती. गुठळी काढायची शस्त्रक्रिया त्या काळी जवळजवळ मरणाचीच, म्हणून सर्जन एडवर्ड चर्चिल अगदी नाइलाज होईपर्यंत थांबले होते. रात्रभर तिच्याजवळ बसून दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब लिहायचं काम जॉन गिबन या तरुण डॉक्टरवर होतं. सकाळी तिची नाडी लागेना. चर्चिलनी साडेसहा मिनिटांत छाती उघडून गुठळी काढली, तरी बाई वाचली नाही. गिबननी पुढे सांगितलंय की त्या रात्री तिच्या फुगलेल्या शिरा बघताना त्यांना वाटत राहिलं, हे निळं रक्त थोडं थोडं बाहेर काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून परत धमनीत सोडता आलं तर!

चर्चिलच्या प्रयोगशाळेत मेरी हॉपकिन्सन नावाची टेक्निशियन होती. तिचं आणि गिबनचं लग्न झालं आणि १९३४ पासून दोघं मिळून यंत्राच्या मागे लागले. हवेचा एक जुना पंप थोडक्या डॉलरांत घेतला. प्रयोगाला प्राणी हवेत म्हणून गिबन रात्री गोणपाट आणि ट्यूना मासा घेऊन बॉस्टनच्या गल्ल्यांत भटकी मांजरं धरायला जायचे. यंत्राचं फुप्फुस म्हणजे एक उभा, गरगर फिरणारा सिलिंडर. त्याच्या आतल्या बाजूने रक्ताचा पातळ थर पसरायचा आणि त्यावरून ऑक्सिजन जायचा. सकाळी मेरीने यंत्र जुळवायला घ्यायचं, मग मांजराला भूल, मग नळ्या, आणि दुपार कलताना खरा प्रयोग. १९३५ मध्ये एके दिवशी त्यांनी मांजराच्या फुप्फुसाच्या धमनीवरचा चाप पूर्ण आवळला आणि तरीही रक्तदाब पडला नाही. नवरा-बायको एकमेकांना धरून प्रयोगशाळेत नाचले.

हा प्रसंग मी वाचला तेव्हा नोकरीला दहा वर्षं झाली होती. आमच्या धंद्यातली पहिली बाई कोण, हे मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. गिबनचं नाव पाठ्यपुस्तकात होतं, मेरीचं नव्हतं.

त्या नाचानंतर माणसापर्यंत पोचायला अठरा वर्षं लागली. मध्ये महायुद्ध आलं. नंतर आयबीएम कंपनीचे थॉमस वॉटसन यांनी आपले इंजिनिअर दिले, सिलिंडर जाऊन उभ्या जाळ्या आल्या. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियाच्या जेफरसन रुग्णालयात गिबननी अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयाच्या पडद्यातलं भोक शिवलं. सव्वीस मिनिटं तिचं सगळं रक्त यंत्राने फिरवलं. हेपरिन कमी पडलं म्हणून शेवटी जाळ्यांवर रक्त साकळायला लागलं होतं, तरी ती यंत्रावरून उतरली आणि बरी होऊन घरी गेली. त्या काळात जगभर पंप लावून झालेल्या अठरा शस्त्रक्रियांची नोंद सापडते. त्यातून वाचलेली ही एकटीच. गिबनचेही पुढचे रुग्ण दगावले. मुलं होती ती. गिबननी हृदयाची शस्त्रक्रिया थांबवली, ती पुन्हा कधी केली नाही. वीस वर्षं एका यंत्रामागे घालवून, ते चालतं हे दाखवून, त्यापासून बाजूला होणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

हेपरिनचा उल्लेख आला आहे तर सांगते, ते नसतं तर यातलं काहीच झालं नसतं. जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन हा वैद्यकीचा विद्यार्थी १९१६ मध्ये रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता, आणि कुत्र्याच्या यकृतातून त्याला सापडला रक्त गोठू न देणारा. आज ते बहुतांशी डुकराच्या आतड्यातून काढतात. शस्त्रक्रियेनंतर त्याचा उतारा म्हणून देतात ते प्रोटामिन मूळचं सामन माशाच्या वीर्यातलं. आमच्या सुरुवातीच्या दिवसांत हेपरिन पुरेसं चढलंय का हे बघायला रक्ताची नळी हातात धरून तिरपी-उभी करत घड्याळाकडे बघायचो. चारशे ऐंशी सेकंद रक्त साकळलं नाही पाहिजे. आठ मिनिटं. बोट दुखतं, पण नजर हलवता येत नाही.

गिबन थांबले आणि मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी यंत्रच टाळलं. २६ मार्च १९५४ पासून त्यांनी मुलाच्या शेजारच्या टेबलावर बापाला किंवा आईला झोपवलं, दोघांच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी जोडल्या आणि मोठ्या माणसाच्या हृदय-फुप्फुसांवर लेकराचं रक्त चालवलं. अशा ४५ शस्त्रक्रिया झाल्या, २८ मुलं घरी गेली. मधल्या पंपाचं मूळ दवाखान्यातलं नव्हतंच, तो दूध-खाद्यपदार्थांच्या कारखान्यातल्यासारखा नळी दाबत पुढे नेणारा पंप होता. एका शस्त्रक्रियेत दोन जीव टांगणीला लावणं फार दिवस चालण्यासारखं नव्हतं. म्हणून १९५५ मध्ये लिलेहायांचा सहकारी रिचर्ड डीवॉल याने प्लास्टिकच्या नळीत रक्तातून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडले आणि फेस मारायला सिलिकॉनचं औषध वापरलं. झाला बबल ऑक्सिजनेटर. त्याच साली तिथून सुमारे दीडशे किलोमीटरवर, मेयो क्लिनिकमध्ये जॉन कर्कलिन यांनी गिबनचं जाळ्यांचं यंत्र सुधारून चालवायला घेतलं. मेयोचं यंत्र अवाढव्य आणि महागडं, डीवॉलचं स्वस्त आणि वापरून टाकून देण्याजोगं. गरीब देशांत कुठलं पोचणार होतं ते वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे मुंबईत डॉ. के. एन. दस्तूर यांनी १९६१ मध्ये यंत्र लावून हृदय उघडलं. वेल्लोरला डॉ. एन. गोपीनाथ यांचं कामही त्याच सुमाराचं. १९६८च्या फेब्रुवारीत परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. रुग्ण काही तासच जगला, पण बर्नार्ड यांनी केपटाऊनमध्ये केलेल्या जगातल्या पहिल्या हृदयरोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. मी लागले त्या काळातले जुने टेक्निशियन त्या वर्षांबद्दल बोलायला लागले की त्यांचा आवाज बदलायचा.

आमच्या खात्यातल्या ज्येष्ठांना आम्ही काका म्हणायचो. त्यांनी मला शिकवलं ते हातांनी. सकाळी सहाला नळ्या जोडायच्या, सलाइन भरायचं आणि बुडबुडे काढायचे. प्रत्येक जोडावर क्लॅम्पच्या दांड्याने टक-टक मारत जायचं, की चिकटून बसलेले बारीक बुडबुडे सुटून वर जातात. ही टकटक मला अजून झोपेत ऐकू येते. मग रोलर किती घट्ट बसवायचा ते. फार घट्ट बसवला तर रक्तपेशी चिरडतात, सैल बसवला तर रक्त मागे सरकतं. नळीचं टोक वर धरून त्यात सलाइनचा उभा स्तंभ करायचा आणि तो किती सावकाश उतरतो ते बघायचं. अगदी हळू उतरला पाहिजे, पण उतरला पाहिजे. आणि सगळ्यात शेवटी, रोज, न चुकता, काकांचं एकच वाक्य: "बाळ, लेव्हल सोडू नकोस." रिझर्व्हॉयरमधली रक्ताची पातळी. ती तळाला गेली तर रोलर हवा ढकलणार, आणि ती हवा थेट मेंदूत. कुणी हाक मारली, कुणी ओरडलं, तरी नजर लेव्हलवरून हलवायची नाही.

एका रात्री ऐन क्लॅम्प लावलेला असताना वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही. अंधारात रोलरची घरघर मंदावत गेल्याचं ऐकू आलं, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. पंपाला एक हँडल असतं, रहाटासारखं. ते खोबणीत बसवलं आणि फिरवायला लागले. वॉर्डबॉय मामांनी टॉर्च लेव्हलवर धरला. सिस्टर घड्याळ बघून सांगत होत्या आणि मी मनात आकडे मोजत होते, कारण वेग कमी-जास्त झाला की रक्तदाब तसाच वर-खाली होणार. एका दिशेनेच फिरवायचं, उलटा एक फेराही नाही. हात भरून आले तेव्हा काकांनी माझ्या मुठीवर मूठ ठेवली, चार फेरे बरोबर फिरवले आणि मग मी हात काढून घेतला, म्हणजे मध्ये खंड पडला नाही. अकरा मिनिटं. वहीत शेवटच्या रकान्यात 'उतरला' आहे, आणि वर समासात काकांच्या अक्षरात '११ मि. हाताने'. माझ्या घरातली ती सगळ्यात मौल्यवान अक्षरं आहेत.

धमन्यांच्या बायपासचा इतिहास मी इथे लांबवणार नाही. १९६४ मध्ये लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसॉव्ह यांनी छातीतली धमनी हृदयाच्या धमनीला जोडली, तीही पंपाशिवाय, चालत्या हृदयावर. १९६७च्या मे महिन्यात क्लीव्हलंडमध्ये अर्जेंटिनाहून आलेल्या रेने फावालोरो यांनी पायातली शीर वापरली आणि तिथून ही शस्त्रक्रिया जगभर पसरली. भारतात १९७५ मध्ये पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी ती केली. पण या शस्त्रक्रियेने आमच्यासमोर एक नवा रुग्ण आणला. पडद्यातल्या भोकाच्या मुलांचा हृदयाचा स्नायू चांगला असायचा. बायपासला येणाऱ्याचा स्नायूच उपाशी, एखाद्या झटक्यात काही भाग मेलेला. त्यात शिवणकामासाठी हृदय थंड करून, पोटॅशियम देऊन तासभर थांबवायचं. एवढं सोसल्यावर ते लगेच पूर्ण भार उचलेल ही अपेक्षाच मोठी.

नुसतं पंपावर आणखी थांबवून ठेवलं तर? थोडा वेळ जमतं. पण यंत्रात रक्त जितकं जास्त फिरतं तितक्या पेशी फुटतात, रक्त गोठायची शक्ती जाते, अंग सुजतं. टेबलावर दोन दिवस कुणाला ठेवता येत नाही. ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकी यांनी १९६६च्या ऑगस्टमध्ये मार्ग दाखवला. झडपा बदललेली ३७ वर्षांची बाई पंपावरून उतरत नव्हती. त्यांनी तिच्या डाव्या कप्प्याला शरीराबाहेरच्या एका छोट्या पंपाची जोड दिली. दहा दिवसांनी हृदयाने स्वतःचं काम सांभाळलं, पंप काढला आणि ती घरी गेली. थकलेलं हृदय मेलेलं नसतं, त्याला काही दिवस मिळाले तर ते सावरतं, हे माणसात एवढं स्पष्ट पहिल्यांदा दिसलं. मात्र असा पंप लावणं ही स्वतंत्र मोठी शस्त्रक्रिया होती. रोजच्या रुग्णालयात रोजच्या रुग्णाला मिळेल असं काही हवं होतं.

ते एका फुग्याच्या रूपाने आलं, आणि या फुग्यावर माझं मनापासून प्रेम आहे.

त्यामागची गोष्ट अशी. हृदय आकुंचन पावतं तेव्हा सगळ्या शरीराला रक्त मिळतं, पण त्याच्या स्वतःच्या डाव्या भिंतीतल्या धमन्या त्या वेळी स्नायूने आवळलेल्या असतात. तिला रक्त मिळतं ते मुख्यतः हृदय सैल पडतं तेव्हा. मग त्या सैल पडण्याच्या वेळेत महाधमनीतला दाब मुद्दाम वाढवला तर? न्यूयॉर्कचे एड्रियन कॅंट्रोविट्झ आणि त्यांचे भौतिकशास्त्रज्ञ भाऊ आर्थर, लहानपणी जुन्या रेडिओच्या भागांतून हृदयाचा आलेख काढायचं यंत्र करणारे दोघे, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून कुत्र्यांवर हेच तपासत होते. ड्वाइट हार्केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दर ठोक्याला थोडं रक्त बाहेर ओढून दोन ठोक्यांच्या मध्ये परत ढकलून पाहिलं, पण या ओढाताणीत रक्तपेशी फुटायच्या. १९६२ मध्ये क्लीव्हलंडला ग्रीसहून आलेले स्पिरिडॉन मोलोपुलोस यांनी रक्त बाहेर काढायचंच सोडून दिलं. नळीच्या टोकाला रबराचा लांबट फुगा, तो महाधमनीत. हृदय सैल पडलं की फुगवायचा, आकुंचन पावायच्या आधी रिता करायचा. ते ज्यांच्या हाताखाली काम करत होते ते विलेम कोल्फ, नाझींच्या ताब्यातल्या नेदरलंड्समध्ये सॉसेजच्या सेलोफेनच्या आवरणातून डायलिसिसचं यंत्र करणारे.

माणसात तो पहिल्यांदा यशस्वी केला कॅंट्रोविट्झनी, १९६७च्या ऑगस्टमध्ये, ब्रुकलिनच्या मायमोनिडीझ रुग्णालयात. ४५ वर्षांची बाई, हृदयविकाराच्या झटक्याने शॉकमध्ये. काही तास फुगा चालवला, ती सावरली आणि घरी गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये बर्नार्डनंतर तीनच दिवसांनी कॅंट्रोविट्झनी एका तान्ह्या बाळाचं हृदयरोपण केलं आणि बाळ काही तासांत गेलं. लोक त्या रोपणाची आठवण काढतात. माझ्या मते त्यांचं खरं काम फुग्याचं. तोही सुरुवातीला जांघेत कापून, धमनी उघडून घालावा लागे. १९८०च्या सुमारास तो गुंडाळून सुईवाटे घालता यायला लागला आणि मग वॉर्डात, कॅथलॅबमध्ये, ऑपरेशन टेबलवर, कुठेही दहा-पंधरा मिनिटांत बसू लागला.

बहुतेकदा चाळीस सीसीचा, वीतभर लांबीचा. वरचं टोक डाव्या हाताच्या धमनीच्या जरा खाली, खालचं टोक मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या वर. फुगवायला हेलियम, कारण हेलियम इतका हलका की मिनिटाला शंभर वेळा बारीक नळीतून धावत जातो आणि धावत परत येतो. कार्बन डायऑक्साइड फुटला तरी रक्तात विरघळला असता, पण त्याला एवढी घाई जमत नाही. म्हणून आम्ही गॅसच्या नळीवर डोळा ठेवतो. तिच्यात गंजासारखा तपकिरी भुगा दिसला की समजायचं फुग्याला छिद्र पडलं, ते वाळलेलं रक्त असतं. यंत्र बंद पडलं तर फुगा आत निपचित ठेवायचा नाही, त्यावर गुठळी धरते. सिरिंजने थोड्या थोड्या वेळाने हाताने फुगवत राहायचं. फुगा नीट चालला की मॉनिटरवर प्रत्येक ठोक्याला दोन शिखरं दिसतात. पहिलं हृदयाचं, दुसरं फुग्याचं, आणि दुसरं पहिल्यापेक्षा उंच.

गेल्या काही वर्षांत दिवस पालटले. चालत्या हृदयावरची बायपास आपल्याकडे फार वाढली. तेव्हा पंप भिंतीशी तयार उभा, मी शेजारी स्टूलवर. २०१२ मध्ये जर्मनीतल्या ६०० रुग्णांच्या अभ्यासात दिसलं की झटक्यानंतर शॉकमध्ये गेलेल्यांना फुगा लावल्याने महिनाभरातले मृत्यू कमी होत नाहीत, दोन्हीकडे चाळीस टक्क्यांच्या आसपास. त्यानंतर मार्गदर्शक सूचना बदलल्या. आता इम्पेला आहे, एक्मो आहे, रक्त खरोखर ढकलणारी यंत्रं. आकडे मी नाकारत नाही. फुगा स्वतः रक्त ढकलत नाही, तो हृदयाला फक्त मदत करतो, आणि ज्या हृदयात मदत घेण्याइतकाही जोर उरलेला नाही तिथे तो काय करणार? पण त्या अभ्यासातला रुग्ण आणि पंपावरून अर्धवट उतरलेला माझा रुग्ण एक नव्हे. माझ्या वह्यांत 'बलूनवर उतरला' लिहिलेल्या ओळींतली कितीतरी माणसं नंतर पेढे घेऊन आली. तो अभ्यास नाही, हे मला कळतं. तरी ती माणसं मी पाहिली आहेत.

त्यातल्या एकाचं सांगते. नव्वदच्या दशकातला मे महिना. एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, डाव्या मुख्य धमनीलाच अडथळा. तीन जोड झाले. दोनदा परत पंपावर घ्यावं लागलं, तिसऱ्यांदा फुग्यासकट उतरले. रात्री मी आयसीयूत त्यांच्या यंत्रापाशी राहिले. बाहेर बाकावर त्यांची बायको. दहाच्या सुमारास मी पाणी प्यायला बाहेर आले तेव्हा तिने पदराने तोंड पुसत विचारलं, "ताई, आतमध्ये तो धप्-धप् आवाज कसला हो?"

"यंत्राचा, मावशी. आत एक फुगा ठेवलाय. त्यांच्या ठोक्यांच्या मधल्या वेळात तो फुगतो, त्यामुळे हृदयाला जास्त रक्त मिळतं."

"म्हणजे ह्यांचं हृदय अजून दमलेलंच आहे."

"दमलंय. विसावा घेतंय."

तिने मान हलवली आणि डबा उघडून मला भाकरी-चटणी दिली. मी नको म्हटलं नाही.

पहाटे तीनला ठोके अनियमित झाले आणि फुग्याचा ताल चुकायला लागला, कारण यंत्र प्रत्येक ठोक्याची वाट आलेखावरून बघत असतं. डॉक्टरांनी औषध सुरू केलं, मी यंत्राला ठोका ओळखायची दुसरी पद्धत लावून दिली. दर तासाला त्यांच्या उजव्या पावलावर हात ठेवायचा, कारण फुग्याची नळी जांघेतून जाते आणि पायाचं रक्त अडवू शकते. सिस्टरांनी पावलाच्या वरच्या बाजूला, नाडी लागते तिथे, बॉलपेनने फुली केली होती. त्या रात्री पाय गार होता आणि फुलीवर काही लागत नव्हतं. डॉपलर लावला तेव्हा कुठे लांबून आल्यासारखी सूं-सूं ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी औषधं कमी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी फुगा प्रत्येक ठोक्याऐवजी दोन ठोक्यांना एकदा केला, दुपारी तिनाला एकदा. मी मॉनिटरसमोर उभी. फुग्याचं उंच शिखर तीन ठोक्यांत एकदाच यायचं, आणि मधले दोन्ही उंचवटे आता बुटके नव्हते. साडेचारला डॉक्टरांनी टाके कापले. फुगा पूर्ण रिता करून नळीसकट ओढून काढला, जखमेतून थोडं रक्त मुद्दाम उसळू दिलं, म्हणजे गुठळी असली तर निघून जाते, आणि मग जांघेवर मुठीने दाब. अर्धा तास. निवासी डॉक्टर दमला तेव्हा मी हात ठेवला, काकांनी माझ्या मुठीवर ठेवला होता तसा, खंड न पाडता. रक्त थांबलं. एका हाताने दाब तसाच ठेवून दुसरा हात पुढे करून मी सिस्टरना पावलाकडे बोट दाखवलं. त्यांनी फुलीवर दोन बोटं टेकवली, थोडी सरकवली, थांबल्या.

"आहे," त्या म्हणाल्या. "चांगली आहे."

त्यांनी चार्टवर वेळ लिहिली. कंडक्टरसाहेबांनी डोळे उघडून पाणी मागितलं. मी हात धुतले आणि खाली गेले, ओटीत दुसऱ्या केसचं सर्किट भरून ठेवलेलं होतं आणि त्यातले बुडबुडे अजून काढायचे होते.